‘माझं चुकलं’चं इंग्रजी

‘‘मी चोर न्हाई! चोर कुनाला म्हनता? जीभ झडंल तुमची!’’

लोणी काळभोरच्या इंदूबाई अमेरिकेतल्या एका वकीलबाईंच्या खोलीत बसून ओरडत होत्या. आणि त्यांच्यामागून दीड सेकंदाने, कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर, कानाला यंत्र लावून मी ओरडत होतो, ‘‘आय ॲम नॉट अ थीफ! हू आर यू कॉलिंग अ थीफ?’’ जीभ झडण्याला चांगलं इंग्रजी ऐन वेळी सुचेना, म्हणून शब्दाला शब्द ठेवून दिला. पडद्यावरच्या वकीलबाईंचा हात आपोआप स्वतःच्या तोंडाकडे गेलेला मी पाहिला.

एवढ्यात दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे पाठक. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमनने, दार उघडलं. पाठक उंबऱ्यातूनच म्हणाले, ‘‘कांबळेसाहेब चोर नाहीत हे सोसायटीला मान्य आहे म्हणावं. हवा असल्यास तसा ठराव करून देतो. पण जरा हळू.’’

‘‘ते आत्ता अमेरिकेत आहेत,’’ सुमन म्हणाली. ‘‘तासाभराने परत येतील.’’

तर असा माझा धंदा. बत्तीस वर्षं पुण्याच्या कोर्टात लघुलेखक होतो. म्हणजे साक्षीदार, वकील आणि जज्ज एकदम बोलत असताना तिघांचं वेगवेगळं उतरवून घेणारा माणूस. माझ्या बोटांचा वेग असा होता, की काही वकिलांचं वाक्य त्यांच्या तोंडून निघण्याआधीच माझ्या कागदावर असायचं. (हे पाठकांना पटत नाही. पाठकांना काहीच पटत नाही.) निवृत्त झालो आणि फोनवरून दुभाष्याचं काम मिळालं. अमेरिकेत कुणी मराठी माणूस पोलिसांत, दवाखान्यात किंवा कोर्टात अडकला आणि जवळपास मराठी दुभाषा सापडला नाही, की माझ्याकडे घंटी वाजते. तिकडचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे सात. त्या वेळी कर्वेनगरात घरोघरी कुकर लागलेले असतात. आमच्या कुकरची एक शिट्टी अमेरिकेतल्या एका खटल्याच्या नोंदीत कायमची जाऊन बसली आहे. ‘हा आवाज कसला?’ असं न्यायालयाने विचारलं आणि मला शपथेवर ‘तूरडाळ’ म्हणून सांगावं लागलं.

या कामाचे नियम कडक. पहिला नियम असा, की समोरचा ‘मी’ म्हणाला की दुभाष्यानेही ‘मी’च म्हणायचं. ‘त्या म्हणतात की त्या चोर नाहीत’ असं चालत नाही. त्यामुळे नऊ वर्षांत मी दारू पिऊन गाडी चालवली आहे, तीन दुकानांत उचलेगिरी केली आहे, आणि एकदा तर दवाखान्याच्या फोनवर बाळंतही झालो आहे. मुलगी झाली. सुमनने शिरा केला.

दुसरा नियम माझ्या जिवावर येणारा. एक शब्द वाढवायचा नाही, एक गाळायचा नाही, सल्ला द्यायचा नाही. आता मला ओळखणारे सांगतील, की माझ्या तोंडून पाव किलोची गोष्ट निघते ती ऐकणाऱ्याच्या पदरात पडेस्तोवर दीड किलोची होते. अशा माणसाला रोज तासभर तराजू लावून बोलायला बसवणं ही शिक्षाच. पण खोटं सांगत नाही, त्या एका तासात मी मासाभरही इकडचं तिकडे केलेलं नाही. बाकीचे तेवीस तास माझे.

तिसरा नियम गुप्ततेचा. म्हणून इथे इंदूबाईंचं नाव बदललं आहे. लोणी काळभोर म्हणतोय म्हणजे ते लोणी काळभोर नव्हे असं समजा. फूलही बदललं आहे. शब्द मात्र एकही बदललेला नाही, कारण ही गोष्टच शब्दाची आहे.

इंदूबाई साठीच्या पुढच्या. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या व्हिसावर गेलेल्या. मुलगी, जावई, भाड्याचं घर, बाजूला एकासारखी एक घरं आणि मधे नुसती हिरवळ. कुठे भिंत नाही, कुंपण नाही. इंदूबाई पहाटे उठायच्या, अंघोळ करून कापडी पिशवी घेऊन निघायच्या आणि देवाला फुलं घेऊन यायच्या. तिसऱ्या घरापुढे जास्वंदीसारखं एक झाड होतं. अकरा दिवस त्या झाडाची फुलं इंदूबाईंच्या देवाला गेली. बाराव्या दिवशी दारात पोलीस आले. त्या घराच्या दारावरच्या घंटीत कॅमेरा होता.

आरोप चोरीचा. छोटी चोरी, पण चोरीच.

इथे जरा थांबून तिकडचा फौजदारी कायदा सांगतो, माझ्या समजुतीइतका. मी वकील नव्हे. पण दोन देशांतले मिळून एवढे खटले कानांवरून गेले आहेत, की कानातच सनद उगवली आहे.

पहिली गोष्ट, तिकडे भांडण तुमचं आणि शेजारणीचं नसतंच. गुन्हा झाला की फिर्याद सरकारची. आपल्याकडेही तसंच आहे, पण तिकडच्या कागदावर ते असं लिहितात: ‘अमुक राज्य विरुद्ध इंदूबाई’. एका बाजूला अख्खं राज्य, त्यातले डोंगर, नद्या, धरणं आणि गव्हर्नर. दुसऱ्या बाजूला इंदूबाई आणि कापडी पिशवी. आता एवढं मोठं धूड एका माणसावर चालून जाणार, म्हणून कायद्याने आधीच धुडाच्या पायात साखळी घातली आहे. आरोपी निर्दोष आहे असं धरूनच सुरुवात करायची. सिद्ध करायचं ते सरकारने. आरोपी हाताची घडी घालून, छताकडे बघत बसला तरी चालतं. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ कबुली असा काढता येत नाही.

ही गप्प बसण्याची सोय आपल्या लोकांना मुळीच पचत नाही. एक निवृत्त प्राध्यापक होते, कर्वेनगरचेच निघाले. गाडीच्या एका धडकेवरून पोलिसाने त्यांना पकडलं आणि तिकडच्या रिवाजाप्रमाणे सुनावलं: तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे, बोलाल ते तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. मी फोनवरून मराठीत सांगितलं. प्राध्यापक उसळले. ‘‘मला गप्प बस म्हणतो? हा? मी एकतीस वर्षं वर्गात कुणाचं ऐकून गप्प बसलेलो नाही!’’ आणि मग ते जे बोलले ते चाळीस मिनिटं. त्यात धडक होती, रस्त्याची रचना होती, अमेरिकेच्या ऱ्हासाची सात कारणं होती, आणि पाचव्या कारणात त्यांनी सहज सांगून टाकलं की सिग्नल लाल होता. पोलिसाने एवढंच लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट, सिद्ध करायचं म्हणजे किती? तर वाजवी शंका उरणार नाही इतकं. न्याय देणाऱ्याच्या मनात खडा राहिला, आणि तो खडा कल्पनेतला नसून खराखुरा टोचणारा असेल, तर आरोपीला सोडायचं. म्हणून तिकडे निकालात ‘निर्दोष’ असा शब्द नाही. ‘दोषी नाही’ एवढंच म्हणतात. म्हणजे काय, तर सरकारला जमलं नाही. प्रत्यक्षात काय झालं ते देवाला आणि आरोपीला ठाऊक. हा फरक लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि ती मला वकिलांनी नव्हे, पाठकांनी शिकवली.

काही वर्षांपूर्वी सोसायटीतल्या एका मुलीच्या लग्नात मी कार्यालयातून पाठकांच्या चपला घालून घरी आलो. दोघांच्या चपला एकाच दुकानातल्या, एकाच मापाच्या. माझ्या तिथेच राहिल्या होत्या, पण पाठक दुसऱ्याच्या चपला घालत नाहीत; ते अनवाणी आले. मी जिना उतरून त्यांच्या चपला दारात ठेवल्या आणि म्हणालो, ‘‘माझं चुकलं.’’

पाठकांनी चपला उलटसुलट करून पाहिल्या. ‘‘म्हणजे नेमकं काय, कांबळेसाहेब? चूक झाली, का केलीत?’’

फौजदारी कायदा या एका प्रश्नात मावतो. नुसतं हाताने केलं म्हणून गुन्हा होत नाही. मनानेही केलेलं असावं लागतं. दुसऱ्याच्या चपला आपल्या समजून घातल्या तर ती चूक. दुसऱ्याच्या आहेत, आणि बऱ्या आहेत, म्हणून घातल्या तर ती चोरी. पाय तेच, चपला त्याच, चाललेलं अंतरही तेवढंच. फरक सगळा डोक्यात, आणि सरकारने सिद्ध करायचं ते डोक्यातलं. मी पाठकांना म्हणालो, ‘‘अहो, झाली!’’ पाठक म्हणाले, ‘‘शंकेचा फायदा देतो.’’

आता ज्याची मला खंत आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय इंदूबाईंच्या खटल्यात मी जे केलं ते कळणार नाही.

तिकडे बहुतेक खटले चालतच नाहीत, सौद्यात मिटतात. सरकारी वकील म्हणतो, मोठा आरोप काढतो, छोटा कबूल करा. कबूल करण्याआधी जज्ज एकेक प्रश्न विचारून खात्री करून घेतो: आपण खटल्याचा हक्क सोडताय हे समजलं का? साक्षीदारांना उलट प्रश्न विचारण्याचा हक्क सोडताय हे समजलं का? कुणी धमकावलं नाही ना? अशी वीसेक प्रश्नांची माळ. हडपसरचे एक गृहस्थ होते, मुलाकडे गेलेले, पंपावर कुणाशी तरी हमरीतुमरी होऊन धक्का मारल्याचा आरोप. भला माणूस. प्रत्येक प्रश्नाला म्हणाले, ‘‘हो.’’ ‘‘हो हो.’’ ‘‘हो साहेब.’’

आता आपला ‘हो’ कसा असतो? कुणी बोलत असलं की आपण मधे मधे ‘हो’ म्हणतो. म्हणजे पटलं असं नाही. ऐकतोय, बोला पुढे, एवढंच. तसा तो ‘हो’ होता. बत्तीस वर्षं माणसांचं बोलणं कागदावर उतरवलेल्या माणसाला ते कळणार नाही? कळत होतं. पण शब्दकोशात ‘हो’ म्हणजे ‘येस’. मी वीस वेळा ‘येस’ म्हणालो. तराजू अगदी सरळ. कबुली नोंदली गेली, शिक्षा झाली, दंड आणि वर्षभराची देखरेख. मग ते गृहस्थ माझ्यामार्फत वकिलाला अदबीने म्हणाले, ‘‘आता माझी बाजू कधी ऐकणार?’’

तेही मी इंग्रजीत सांगितलं. एक शब्द न वाढवता. वकील कागद आवरत होता. त्याने घड्याळाकडे बघितलं. त्या दिवशी मी जेवलो नाही, असं इथे लिहिणार होतो. पण सुमन हे वाचणार आहे. जेवलो. पण काय जेवलो ते विचारू नका.

परत इंदूबाईंकडे. सरकारी वकिलाने सौदा पुढे केला होता: चोरी कबूल करा, थोडका दंड भरा, दुपारच्या आत घरी. जावई म्हणत होता, मिटवून टाका. पण इंदूबाईंच्या वकीलबाई फार सरळ. त्या म्हणाल्या, दंडाचं काही नाही. पण चोरीची कबुली कागदावर आली की पुढच्या वेळी व्हिसाच्या खिडकीत तो कागद आधी उघडेल. कदाचित पुन्हा येता येणारच नाही. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा इंदूबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला. ‘‘म्हंजे नात एकदाच बघायची?’’

मुलीला सातवा सरून आठवा लागला होता. नातच होणार हे इंदूबाईंनी कशावरून ठरवलं होतं कोण जाणे.

म्हणून ठरलं: ‘दोषी नाही’ म्हणायचं. वकीलबाईंनी त्यांच्याकडून दहा वेळा घोकून घेतलं. जज्जसाहेब विचारतील, तुमचं म्हणणं काय. तुम्ही म्हणायचं, दोषी नाही. इंदूबाई वैतागल्या. ‘‘येवढंच ना? पाठ हाय म्हनलं की.’’

सुनावणीच्या दिवशी मी सगळा बंदोबस्त केला. सुमनने कुकर दुपारीच उरकला. सोसायटीच्या अंगणात पाठकांनी लावलेली खरी जास्वंद आहे आणि संध्याकाळी कळ्या खुडायला येणाऱ्यांवर ते खिडकीतून ओरडतात. म्हणून त्यांना विनंती केली, की सात ते आठ कृपा करून ओरडू नका. पाठक म्हणाले, ‘‘चोरांनाही वेळ कळवून ठेवतो. सवडीने येतील बिचारे.’’

पडद्यावर कोर्ट दिसलं. जज्जसाहेब म्हातारे, पांढऱ्या केसांचे, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी आरोप वाचला, मी मराठीत सांगितला. मग त्यांनी विचारलं, ‘‘तुमचं म्हणणं काय? दोषी, की दोषी नाही?’’

इंदूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पदर डोक्यावरून घेतला. हात जोडले. आणि म्हणाल्या, ‘‘माझं चुकलं, साहेब.’’

झालं. दहा वेळा घोकलेलं एका पदरासरशी गेलं. नंतर त्यांनी सांगितलं, ‘‘थेट आमच्या मामंजींवानी दिसत व्हता तो मानूस. मोठ्या मानसापुढं उभं राहून, मी काय केलंच न्हाई, आसं कसं म्हनायचं?’’ आपल्याकडे ते म्हणत नाहीतच. आधी चुकलं म्हणायचं, मग बाजू सांगायची. ही कबुली नव्हे, हे दारात पाय धुणं आहे.

आता माझी पंचाईत. दुभाष्याला दोन सेकंद मिळतात. ‘माझं चुकलं’ याचं इंग्रजी एक म्हणजे ‘आय डिड राँग’, मी वाईट केलं. हे म्हणालो, की जज्ज विचारणार, कबूल करायचंय का? आणि माझ्या बाई हात जोडून वीस वेळा ‘हो’ म्हणणार. दुसरं इंग्रजी म्हणजे ‘आय मेड अ मिस्टेक’, माझी चूक झाली. हे म्हणालो, तर कायद्यात चूक म्हणजे बचाव. मनात चोरी नव्हती असा त्याचा अर्थ. मराठीत शब्द तेच दोन. इंग्रजीत एक रस्ता व्हिसाच्या खिडकीकडे जातो आणि दुसरा नातीकडे. आणि फाट्यावर कोण उभा, तर कर्वेनगरचा निवृत्त लघुलेखक.

मला दुसरं वाक्य म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण मग तो निवाडा मी केला असता, आणि शपथ मी निवाड्याची घेतलेली नव्हती. त्या दोन सेकंदांत मला खालच्या मजल्यावरचा आवाज स्पष्ट ऐकू आला: चूक झाली, का केलीत? (पाठक त्या वेळी खरोखर काहीच बोलत नव्हते. शब्दाचा पक्का माणूस.)

दुभाष्याला सगळ्या नियमांत एकच वाक्य स्वतःचं असतं. तेही ‘मी’ म्हणून बोलायचं नाही; स्वतःला ‘दुभाषा’ म्हणायचं. हडपसरच्या गृहस्थांच्या वेळी ते मला सुचलं नव्हतं, किंवा सुचून धीर झाला नव्हता. या वेळी झाला. मी म्हणालो, ‘‘न्यायालयाच्या परवानगीने, दुभाष्याला एका शब्दाचा खुलासा करायचा आहे.’’

सरकारी वकील उठला. ‘‘हरकत आहे. त्या जे बोलल्या ते दुभाष्याने इंग्रजीत सांगावं. बस.’’

‘‘तेच सांगता येत नाही,’’ मी म्हणालो. ‘‘या शब्दांचा अर्थ ‘मी वाईट केलं’ असा होतो आणि ‘माझ्या हातून चूक झाली’ असाही होतो. यांतलं कोणतं, ते दुभाष्याला ठाऊक नाही. ते फक्त आरोपीला ठाऊक आहे.’’

अटलांटिक महासागर थांबला. (बरं, पंखा थांबला. कर्वेनगरात वीज गेली होती. पण यंत्रं बॅटरीवर होती.) जज्जसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ‘‘एकाच वाक्यात कबुली आणि बचाव? सोयीची भाषा आहे.’’ मग लिहून घेणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, ‘‘आरोपीने काय कबूल केलं हे मला कळलेलं नाही. जे कळलं नाही ते कबुली म्हणून मी घेऊ शकत नाही. ‘दोषी नाही’ असं लिहा. खटला चालू द्या.’’

तीन आठवड्यांनी खटला उभा राहिला; इकडे सात ते आठचा बंदोबस्त पुन्हा तोच. छोट्या गुन्ह्याला त्या राज्यात बारा जणांची ज्युरी बसत नाही. एकटे जज्जच ऐकतात. आधी शेजारीण साक्षीला आली. मी मनात तिला खाष्ट ठरवून ठेवली होती. तशी ती नव्हती. थकलेली, हळू बोलणारी बाई. ते झाड तिने तिची आई गेली त्या वर्षी लावलं होतं. त्याचं फूल एका दिवसाचं असतं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटतं. अकरा दिवस ती उठून खिडकीत यायची तेव्हा फांद्या रिकाम्या. ‘‘मला फुलांची किंमत नको,’’ ती म्हणाली. ‘‘मला फक्त ती बघायची होती.’’

हे मी इंदूबाईंना मराठीत सांगितलं, जसं होतं तसं.

मग कॅमेऱ्यातलं चित्र दाखवलं. अंधुक उजेड. इंदूबाई येतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, झाडासमोर हात जोडतात, फुलं खुडतात, जातात. सरकारी वकिलाला हर्ष झाला. बोलायचं की गप्प बसायचं ही निवड इंदूबाईंची होती. पण त्यांना गप्प बसवणं वकीलबाईंच्या हातचं नव्हतं. इंदूबाई साक्षीला उभ्या राहिल्या आणि सरकारी वकील विचारू लागला.

‘‘आजूबाजूला का पाहत होता? कुणी बघतंय का म्हणून?’’

‘‘कुत्रं हाय का म्हनून. तिकडं लय मोठाली कुत्री पाळत्यात.’’

‘‘मग हात का जोडले? वाईट करतोय असं वाटलं म्हणून?’’

‘‘झाडाला इचारलं.’’

‘‘काय विचारलं?’’

‘‘फुलं घिऊ का म्हनून. न इचारता घेत न्हाईत.’’

सरकारी वकील हसला. ‘‘आणि झाड काय म्हणालं?’’

‘‘न्हाई म्हनलं न्हाई.’’

हे मी इंग्रजीत सांगितलं आणि कोर्टात पहिल्यांदा कुणीतरी मनापासून हसलं. ते जज्ज होते की लिहून घेणाऱ्या बाई, हे पडद्यावर नीट दिसलं नाही. मी जज्ज म्हणून सांगतो.

वकीलबाईंनी शेवटी विचारलं, ‘‘हे झाड कुणाच्या मालकीचं आहे असं तुम्हाला वाटलं?’’

‘‘सोसायटीचं वाटलं. भित न्हाई, कुंपन न्हाई, फाटक न्हाई. आमच्याकडं ज्याचं आसतंय तो कुंपन घालतोय.’’

जज्जसाहेबांनी निकाल तिथल्या तिथे दिला. म्हणाले, फुलं घेतली यात शंका नाही. पण दुसऱ्याची आहेत हे जाणून घेतली का, याबद्दल माझ्या मनात वाजवी शंका उरते. आणि शंका उरली की ती आरोपीची. दोषी नाही. मग इंदूबाईंना उद्देशून म्हणाले, ‘‘बाई, या देशात कुंपण नसलेल्या जमिनीलाही मालक असतो.’’ इंदूबाईंनी पदर सावरून मान हलवली. शेजारीण उठली आणि कुणाकडे न बघता बाहेर गेली. तिच्यासाठी कुठलंच वाक्य मला दोन्ही भाषांत सुचलं नाही. आणि सुचलं असतं तरी माझं काम नव्हतं.

मी यंत्र कानातच ठेवून खिडकीशी गेलो आणि खाली ओरडलो, ‘‘पाठक! सुटली!’’ पाठकांचा आवाज आला, ‘‘आठ वाजायला सात मिनिटं आहेत. तोवर ओरडायचं नाही, हे आपणच ठरवलेलं आहे.’’

सुनावणीनंतर वकिलाच्या खोलीत पाच मिनिटं बोलणं असतं, ते तेवढं बाकी होतं. वकीलबाई खुशीत होत्या. मुलगी पोटावर हात ठेवून खुर्चीत टेकली होती, जावयाने डोळे पुसले. इंदूबाई पोलिसांनी परत केलेली कापडी पिशवी घडी घालत बसल्या होत्या. फाईल बंद करता करता वकीलबाईंनी सहज विचारलं, खटल्यासाठी नव्हे, नुसतं आपलं कुतूहल म्हणून: ‘‘झाडाला विचारलंत, ते छान. पण त्या घराची घंटी वाजवून एकदा बाईंनाच का नाही विचारलंत?’’

इंदूबाईंनी जे उत्तर दिलं त्याला दोन अर्थ नव्हते. खुलाशाची परवानगी मागायचं काहीच कारण नव्हतं. मी ते एकही शब्द न वाढवता, एकही न गाळता इंग्रजीत सांगितलं, आणि वकीलबाईंचा फाईलवरचा हात तिथेच राहिला. इथे मूळ मराठीतच देतो.

‘‘इचारनार कशी? झाडाची मालकीन तवा झोपल्याली आसायची.’’